टेलर स्विफ्ट मॅचला आली, पण तिच्या मापाचं दुकानात काय होतं?



२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. नवीन वाचकांसाठी सांगतो, कराडला माझं खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. सातवी-आठवीतली एक मुलगी आईबरोबर आली आणि म्हणाली, "काका, अठरा नंबरची जर्सी दाखवा." मी सवयीने विराटची काढून काउंटरवर टाकली. ती म्हणाली, "ही नाही. स्मृतीची."

नंबर दोघांचाही अठराच. पण माझ्या हाताला इतक्या वर्षांची एकच सवय. बरं, स्मृतीची होती का दुकानात? नव्हती. मुलींच्या मापाची कुठलीच नव्हती. मग मी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, "ताई, जेन्ट्सची स्मॉल साइज बसते मुलींना, थोडी ढगळ होईल एवढंच." आई हसली. "बघते पुढे," म्हणाली. या 'पुढे'चा अर्थ काउंटरमागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कळतो.

त्या रात्री गल्ला मोजताना मला टेलर स्विफ्ट आठवली. हसू नका. मी तिची गाणी फारशी ऐकलेली नाहीत, पण अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी तिच्या निमित्ताने जो धंदा केला आणि जी बोलणी खाल्ली, ते प्रकरण मी दोन वर्षं चवीने वाचत होतो. ट्रेनिंगमध्ये उदाहरण म्हणून सांगायचोही. सांगायचो, आणि माझ्याच दुकानात मुलींच्या मापाची जर्सी नव्हती!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे आपला गोल चेंडूचा नव्हे. तो लांबट चेंडू हातात धरून एकमेकांवर आदळायचा खेळ. त्यांची लीग एनएफएल. त्यातल्या कॅन्सस सिटी चीफ्स या टीमचा ट्रॅव्हिस केल्सी हा मोठा खेळाडू, जर्सी नंबर ८७. जुलै २०२३ मध्ये टेलर स्विफ्टचे कार्यक्रम चीफ्सच्याच मैदानावर, ॲरोहेड स्टेडियमवर झाले. हा तिथे गेला. तिच्या चाहत्या मण्यांची ब्रेसलेट्स एकमेकींना देतात, तसं एक आपला फोन नंबर घालून तिला द्यायचं याने ठरवलं, पण भेटच झाली नाही. ही फजिती त्याने भावाबरोबरच्या पॉडकास्टवर स्वतःच सांगितली. आणि २४ सप्टेंबर २०२३ ला, शिकागो बेअर्सविरुद्धच्या मॅचला, ती ॲरोहेडवर केल्सीच्या आईशेजारी उभी राहून ओरडताना साऱ्या देशाने पाहिली. चीफ्स ४१-१० ने जिंकले, पण दुसऱ्या दिवशी चर्चा स्कोअरची नव्हती.

मालाची विक्री बघा. तिकडच्या मोठ्या जर्सीविक्रेत्या कंपनीने, फॅनॅटिक्सने, सांगितलं की केल्सीच्या जर्सीची विक्री त्या मॅचनंतर जवळपास ४०० टक्क्यांनी वाढली. त्याच मॅचमध्ये तिच्या हातात चिकन आणि दोन सॉस असलेला एक फोटो फिरला. लोक म्हणाले, एक केचप आणि दुसरा 'बहुतेक रँच'. हाइन्झ कंपनीने थोड्याच दिवसांत 'केचप आणि बहुतेक रँच' अशा नावाच्या मर्यादित बाटल्या जाहीर केल्या! पुढच्याच रविवारी, १ ऑक्टोबरला, न्यूयॉर्क जेट्सविरुद्धची मॅच एनबीसीवर सरासरी २ कोटी ७० लाख लोकांनी पाहिली. एनबीसीच्याच आकड्यांप्रमाणे, रविवार रात्रीच्या आधीच्या तीन मॅचेसच्या सरासरीपेक्षा १२ ते १७ वयाच्या मुलींचा प्रेक्षकवर्ग ५३ टक्के वाढलेला होता. म्हणजे ज्या दारातून वर्षानुवर्षं बाप आणि काका आत जात होते, त्या दारात आता मुली उभ्या होत्या.

आणि इथेच बोंब सुरू झाली.

"आम्ही मॅच बघायला बसतो, हिला बघायला नाही." "टचडाउन झाला की हिचा चेहरा, फाउल झाला की हिचा चेहरा." बारमध्ये, रेडिओवर, सगळीकडे हेच. लीगनेही कमी केलं नाही. स्वतःच्या सोशल मीडियाच्या पाट्यांवर तिच्या नावाच्या कोट्या टाकून ठेवल्या. खुद्द केल्सी पॉडकास्टवर म्हणाला की जरा जास्तच होतंय. पुढे तर अशीही अफवा उठली की हे सगळं आगामी निवडणुकीसाठी रचलेलं नाटक आहे. त्यात मी शिरत नाही.

मग 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी २०२४ मध्ये सरळ घड्याळ लावून मोजलं. तीन तासांहून जास्त चालणाऱ्या प्रक्षेपणात मॅच चालू असताना ती साधारणपणे २५ सेकंदांपेक्षाही कमी वेळ दिसत होती. ११ फेब्रुवारीच्या सुपर बोलमध्ये, ज्यासाठी ती टोकियोतला कार्यक्रम संपवून लास वेगासला उडत आली, तिथेही चार तासांच्या प्रक्षेपणात पुरतं एक मिनिट नाही.

पंचवीस सेकंद! आणि माणसं म्हणतात, आख्खी मॅच तिनेच खाल्ली.

यावर ट्रेनर लोकांचं तयार उत्तर असतं, "गिऱ्हाईक खोटं बोलतं, डेटा बघा." मी तसं म्हणणार नाही. कारण हे माझ्या दुकानात घडलंय. वर्ल्ड कपनंतर मी शेवटी मुलींच्या जर्सी मागवल्या आणि दर्शनी पुतळ्याला एक घातली. एकच. बाकी पंधरा फूट भिंतीवर बॅटी, पॅड, हेल्मेट, सगळं जिथल्या तिथे. तरी माझे एक जुने गिऱ्हाईक, बॅटच्या ग्रिपपासून सगळं माझ्याकडूनच घेणारे, आत येऊन म्हणाले, "काय रे, लेडीज दुकान टाकलंस काय?" त्यांनी काही मोजलं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच वाटलं होतं की दारातून आत शिरताना पहिली नजर ज्या वस्तूवर जाते, ती आता आपल्यासाठी नाही.

तिकडच्या बापांचं दुखणं मला तेच वाटतं. सेकंद किती होते याला अर्थ नव्हता. रविवारची दुपार, हातात बिअर, टीव्हीसमोर ठरलेली जागा, ही त्यांची ओसरी होती. त्या ओसरीवर कुणीतरी न विचारता चौथी खुर्ची टाकली.

गंमत म्हणजे या खेळाच्या प्रक्षेपणात मोकळा वेळच जास्त. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१० मध्ये मोजलं होतं, तीन तासांच्या मॅचमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो सुमारे ११ मिनिटं. बाकी वेळ जाहिराती, रीप्ले, कोचचा तांबारलेला चेहरा, रंग फासलेले प्रेक्षक. कॅमेऱ्याला कुठेतरी बघायलाच लागतं. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये केल्सी आणि त्याचा भाऊ एकमेकांविरुद्ध खेळले, तेव्हा त्यांची आई दोन्ही टीमचा अर्धा-अर्धा पोशाख घालून आली होती आणि कॅमेरे तिच्यावरून हलत नव्हते. तेव्हा एवढी बोंबाबोंब मला आठवत नाही. आई चालते. प्रेयसी आली की खेळ 'बिघडतो'. हे आपल्याला नवीन नाही. २०१५ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला सिडनीत विराट १ रनवर आउट झाला आणि आपण, हो आपणच, स्टँडमध्ये बसलेल्या अनुष्काला धारेवर धरलं. बॅट तिच्या हातात नव्हती. विराटने पुढच्या वर्षी जाहीरपणे ट्रोल करणाऱ्यांची लाज काढली, तेव्हा कुठे काही जण गप्प बसले.

टेलरच्या वाट्यालाही ते आलंच. 'टाइम' मासिकाने २०२३ ची 'पर्सन ऑफ द इयर' म्हणून तिची मुलाखत घेतली, तेव्हा ती म्हणाली की कॅमेरा कुठे आहे हे तिला कळतही नाही, ती फक्त ट्रॅव्हिससाठी येते. आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला न्यू ऑर्लिन्समध्ये तिचा चेहरा मोठ्या स्क्रीनवर आला तेव्हा स्टेडियमने तिची हुर्यो उडवली. चीफ्स ती मॅच ४०-२२ ने हरले. स्क्रीनवर लावलं लीगच्या लोकांनी, शिव्या खाल्ल्या पाहुणीने. (दुकानात ऑफर मालकाने काढायची आणि बोलणी काउंटरवरच्या पोराने खायची, हे जिथे चालतं त्या मालकांनी हे वाक्य परत वाचा.)

आता मूळ मुद्दा. मुली दारात आल्या. पुढे काय?

मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडलेली बाई टेलर नाही, क्रिस्टिन युस्चेक आहे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या काइल युस्चेकची बायको. नवऱ्याच्या मॅचला जाताना दुकानात मिळणारे बायकांचे कपडे तिला पटेनात, म्हणून ती स्वतःच जर्सी कापून-शिवून जॅकेटं, टॉप करायची. शिलाई मशीनवर, घरी. १३ जानेवारी २०२४ ला ॲरोहेडवर मायामीविरुद्ध मॅच होती, तापमान उणे वीसच्या आसपास. टेलर स्विफ्ट गाडीतून उतरली ती क्रिस्टिनने शिवलेलं लाल जाड जॅकेट घालून, पाठीवर केल्सी आणि ८७. दोनच आठवड्यांच्या आत बातमी आली की एनएफएलने क्रिस्टिनला लीगचे लोगो वापरून कपडे विकायचा परवाना दिला.

इथे थांबा जरा. एवढी अब्जावधींची लीग, प्रत्येक टीमचा माल विकणारं एवढं मोठं जाळं. आणि मुलीला घालावंसं वाटेल असं जॅकेट कुणी शिवावं, तर एका खेळाडूच्या बायकोने, स्वतःची अडचण होती म्हणून! बायका काय तेव्हाच मॅच बघायला लागल्या होत्या का? आधीपासून बघत होत्या. दुकानदाराने पुरुषांची स्मॉल साइज पुढे केली की 'बघते पुढे' म्हणून निघून जात होत्या. वहीत त्याची नोंद होत नाही ना! विकलं ते लिहितो आपण. न विकलेलं गिऱ्हाईक कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.

परवान्याचंही बघा. क्रिस्टिनचं काम साऱ्या जगाने पाहिलं, तरी लोगो लावून उघड विकायला तिला लीगची परवानगी लागलीच. आपल्याकडे वर्ल्ड कप जिंकला की तिसऱ्या दिवशी लोगोसकट डुप्लिकेट जर्सी गाडीवर येते. ती ठेवू नका. मार्जिन दिसतं, पण धाड पडली की माल जातोच आणि नावही जातं. अधिकृत माल महाग पडत असेल तर लोगोशिवाय साधा निळा टी-शर्ट, मागे मुलीचं स्वतःचं नाव आणि तिला हवा तो नंबर. आमच्याकडे हेच जास्त चाललं, कारण निम्म्या मुलींना स्मृतीच्या नावाऐवजी स्वतःचं नाव हवं होतं. हे मी आधी ओळखलं नव्हतं, त्यांनी सांगितलं.

आणि ते जुने गिऱ्हाईक? त्यांच्यासाठी मी पुतळा हलवला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी नवीन आलेल्या काश्मिरी विलोच्या बॅटी दाराशेजारच्या स्टँडला लावल्या आणि त्यांना फोन केला, "काका, माल आलाय, आधी तुम्ही बघून घ्या." आले. तीन बॅटी ठोकून बघितल्या, एक घेतली. जाताना पुतळ्याकडे बघून म्हणाले, "नातीला होईल का रे ही? दहावीत आहे."

पहिल्या खेपेला मी डझनभर मागवल्या होत्या. ख्रिसमसपर्यंत नऊ गेल्या. तीन मोठ्या मापाच्या अजून पडून आहेत, कारण मापांचा अंदाज चुकला. शाळकरी मुलींची लहान मापं पहिल्याच आठवड्यात संपली. दुसऱ्या खेपेत ते सुधारलं.

ती पहिली मुलगी मात्र परत आली नाही. डिसेंबरात एका सकाळी मैदानावर दिसली, नेटमध्ये बॉलिंग करत होती. पाठीवर अठरा. बरोबर मापाची होती. दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानातली.