शोफरवरचा राग

परवा शिकवणीच्या निमित्ताने सुरतेस गेलो होतो. यजमानांच्या आवारात जुनी फोर्ड ‘मॉडेल टी’ मोटार उभी दिसली आणि आजोबा आठवले.

आमचे घराणे बडोद्याच्या दरबारी वादकांचे. वडील सांगत, की आजोबा एकदा सुरतेहून अशाच मोटारीने महुव्यास निघाले; तेव्हा तो गायकवाडी नवसारी प्रांत. मागे जलतरंगाचे चिनी मातीचे प्याले. पोचले तेव्हा मैफल उठली होती. शोफरने मुद्दाम रेंगाळत नेले, हा राग त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. मीही तो वडिलार्जित ठेव्यासारखा सांभाळला.

यजमानांचे मिस्त्री मूळचे खानदेशातले, उधन्यास स्थायिक झालेले. त्यांनी बॉनेट उघडले. ‘पोट केवढे पाहा, अन् दम किती!’ इंजिन 2.9 लिटरचे, ताकद 20 घोड्यांची. 1983 साली आलेल्या मारुती 800 चे इंजिन याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. ताकद मात्र पावणेदोन पट तरी.

मर्म दाबात आहे. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेटण्यापूर्वी जितके दाबावे तितका जोर अधिक. या मोटारीत ते चौपट-साडेचौपटच दाबले जाई. आज दहापट दाबतात. त्या काळचे पेट्रोल याहून अधिक दाब सोसत नसे. अवेळी भडके आणि इंजिन ठोके देऊ लागे. तबलजीने समेआधीच थाप मारावी तसे! ठोके थोपवणारे शिशाचे औषध 1921 साली सापडले आणि पुढच्या मोटारींचा दाब वाढला. (ते विषारी, म्हणून भारतात 2000 साली बंद झाले.) शिवाय हवा आत येण्याची वाट इतकी वाकडी, की मिनिटाला 1600 फेऱ्यांपाशीच इंजिनाला धाप लागे.

तरी मोकळ्या रस्त्यावर ही मोटार ताशी 65 किलोमीटर पळे. पण थांबवायची कशी? पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत. टायर अरुंद, त्यात कच्चा रस्ता.

मी महुव्याची हकीकत सांगितली. मिस्त्रींनी एवढेच विचारले, ‘प्याले किती फुटले?’

एकही नाही. ते आजही आमच्या कपाटात आहेत. शोफरचे नाव मात्र घरात कुणी कधी घेतले नाही. वडिलांच्या जुन्या वहीत ते सापडते का, पाहतो आहे.