बर्फगाडीचे अडकलेले चक्र

एकात एक ठेवलेले दोन पेले कधी कधी असे घट्ट बसतात की, कितीही ओढले तरी सुटत नाहीत. जाणती गृहिणी अशा वेळी त्यांस आपटीत बसत नाही. आतल्या पेल्यात ती थंड पाणी ओतते, बाहेरचा पेला कढत पाण्यात धरते, आणि क्षणभरात दोन्ही पेले निमूटपणे विलग होतात. वैशेषिक दर्शनात संयोग व विभाग हे दोन्ही गुणांच्या एकाच यादीत गणले आहेत. वस्तू कशाने जोडली गेली हे ज्यास कळले नाही, त्यास ती सोडविता येत नाही, एवढा व्यावहारिक बोध तरी त्यावरून घेता येईल. ह्या बोधाचे एक दूरदेशीचे उदाहरण आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते स्नोमोबाईल नामक बर्फगाडीच्या इंजिनाचे आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए (१९०७–१९६४) हा तरुण मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवीत असे. बर्फावरून धावणाऱ्या गाडीचा ध्यास त्यास लहानपणापासूनच होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या तीव्र विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली बुजलेले, रुग्णालय दूर. उपचारांवाचून ते बालक दगावले. ह्या आघातानंतर त्याने त्या ध्यासास सर्वस्व वाहिले. १९३७ साली त्याने दंतचक्रे व रबरी पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळविले आणि सात माणसे बसतील अशी बर्फगाडी तयार केली. पुढे १९५९ साली त्याची ‘स्की-डू’ ही एकदोघांना नेणारी हलकी गाडी बाजारात आली. १९६० च्या दशकापासून उत्तर कॅनडातील इन्यूइट लोकांत कुत्र्यांच्या घसरगाडीची, आणि फिनलंडमधील सामी लोकांत रेनडिअरच्या घसरगाडीची जागा अशा गाड्यांनी घेतली. आपल्याकडील काही कुटुंबांनी गुलमर्गच्या उतारांवर तिची मौज अनुभवली असेल. परंतु जेथे दृष्टी पोहोचेल तेथवर बर्फच बर्फ, तेथे ही गाडी मौजेची नव्हे. शिकार, सरपण आणि वैद्याचे दार हे सारे तिच्यावर अवलंबून असते. तेथे इंजिन निकामी होणे म्हणजे जिवावरचा प्रसंग होय.

ह्या गाडीत मोटारीप्रमाणे वेगागणिक बदलावयाचे गिअर नसतात. इंजिनाच्या मुख्य दांड्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकावर चालक क्लच बसविलेला असतो. उतरत्या बाजूंच्या दोन थाळ्या समोरासमोर, एक स्थिर व एक सरकती, आणि त्यांच्या खोबणीत रबरी पट्टा, अशी त्याची रचना असते. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे क्लचमधील वजने बाहेरच्या बाजूस फेकली जातात व स्प्रिंगचा विरोध मोडून सरकत्या थाळीस स्थिर थाळीकडे रेटतात. त्यामुळे पट्टा थाळ्यांच्या परिघाकडे चढतो, दुसऱ्या टोकाच्या चालित क्लचमध्ये तो तितकाच मध्याकडे उतरतो, आणि गाडी वेग घेते. पुढे स्प्रिंग थकली, वजने झिजली, किंवा क्लचमागील रबरी सील गळू लागले, म्हणजे हा क्लच दांड्यावरून उतरविणे प्राप्त होते. खरी परीक्षा येथेच असते.

क्लच दांड्यावर कशाने धरलेला असतो? मधोमध एक लांब बोल्ट असतो खरा. पण तो काढला तरी क्लच जागचा हलत नाही. दांड्याचे टोक शंकूसारखे किंचित निमुळते केलेले असते व क्लचचे भोकही त्याच मापाचे निमुळते असते. बोल्ट आवळताना ही दोन निमुळती अंगे पाचरीसारखी एकमेकांत घुसतात. समजा, दहा सेंटीमीटर लांबीत व्यास एक सेंटीमीटरने कमी होतो. तर एका बाजूचा उतार तीन अंशांहूनही थोडा कमीच भरेल. धातूवर धातूचे घर्षण ०.१५ धरले, तर ज्या उतारावर वस्तू आपोआप घसरू लागेल तो उतार सुमारे साडेआठ अंशांचा येतो. तीन अंश साडेआठांहून पुष्कळच कमी असल्यामुळे हा सांधा आपण होऊन सुटणे नाही. इंजिनाची सारी शक्ती पट्ट्याकडे नेणारी ही पकड ह्याच घर्षणाची. आणि क्लच निघत नाही म्हणून कारागीर कपाळाला हात लावतो, तोही ह्याच घर्षणामुळे. त्यात गंज चढला म्हणजे पकड आणखीच दृढ होते.

अधीर मनुष्य प्रथम हातोडा उचलतो. थाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. घाव बसताच त्यांस तडा जातो. थाळीमागे पहार घालून उचकटले किंवा तिच्या कडेस तीन बोटांचा ओढणारा आकडा लावला, तरी कड वाकते किंवा तुटते. दांड्याच्या टोकावर मारलेला घाव तर अधिकच घातक. पुष्कळशा दोन-ठोक्यांच्या इंजिनांत क्रँकशाफ्ट अखंड नसून वेगवेगळे तुकडे दाबून जोडलेला असतो. घावाने त्याचा सरळपणा बिघडतो व बेअरिंगेही दुखावतात. क्लच सोडवावा आणि इंजिन गमवावे, असा तो सौदा होतो.

योग्य साधन म्हणजे पुलर. तो एक लांब, कणखर बोल्टच असतो. मात्र त्याची मळसूत्रे क्लचच्या बाहेरील तोंडातील आट्यांत बसतात आणि टोक आत दांड्यास टेकते. पुलर आवळावा तसतसा दांडा आत रेटला जातो व क्लच बाहेर ओढला जातो. बळ अगदी आसाच्या रेषेत पडते. मळसूत्राचे सामर्थ्य किती, हे मुलांनी गणिताने पाहावे. पान्याचा दांडा ३० सेंटीमीटर लांबीचा व मळसूत्राचा एक आटा दोन मिलिमीटरचा धरला, तर हात सुमारे १८८ सेंटीमीटर फिरतो तेव्हा पुलर अवघा दोन मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे बळ नऊशेपटीहून अधिक वाढावयाचे. घर्षणात त्यातील बराच मोठा भाग खर्च होतो, तरी उरते ते थोडे नव्हे. म्हणूनच पुलर त्या त्या गाडीसाठी नेमलेलाच घ्यावा. मळसूत्रे जुळत नसतील तर क्लचचे आटे कायमचे बिघडतात.

एवढ्यानेही क्लच निघाला नाही, तर जाणते कारागीर जी युक्ती करतात ती आम्हास विशेष मनोहर वाटते. पुलर काढून क्लचच्या पोकळीत पाणी किंवा ग्रीस काठोकाठ भरतात, पुलरच्या मळसूत्रांवर नळजोडणीची पांढरी टेप गुंडाळतात व तो पुन्हा आवळतात. आता पुलर पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे काम करतो. कोंडलेल्या द्रवावर पडलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान पास्कल याचा नियम. द्रवास आकसणे ठाऊक नसल्यामुळे तो क्लचला बाहेर लोटतो आणि सांध्याच्या फटीतही शिरू पाहतो. मग एकाएकी बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन क्लच सुटतो. त्या क्षणी तोंड समोर नसावे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

ऊब देण्याचा उपायही आहे, तत्त्व पेल्यांचेच. ॲल्युमिनियम तापल्याने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बाहेरचा भाग आधी तापला तर पकड सैल होते. परंतु शेजारी पेट्रोल व मागे रबरी सील असते; तेव्हा ज्योत लावण्याचे धाडस नवशिक्याने करू नये. तसेच क्लचच्या झाकणाआड दाबलेली स्प्रिंग असते. तिचा अंदाज नसता झाकण उघडणे हाताबोटांस महाग पडते.

क्लच निघाल्यावर दांड्याचे निमुळते अंग व क्लचचे भोक स्वच्छ पुसून पूर्ण कोरडे करावे. ग्रीसचा लेशही राहू देऊ नये, कारण पकड घर्षणावरच आहे. पाणी राहिले तर त्या थंडीत त्याचे बर्फ होते. बोल्टही निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच, मोजणाऱ्या पान्याने आवळावा.

घराघरांतील तरुण हल्ली नाना यंत्रे स्वतः उघडून पाहतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, वस्तू अडली म्हणजे प्रथम तिच्यावर रागावू नये. ती कोणत्या नियमाने धरली गेली आहे हे विचारावे. तो नियम कळला की, सोडविण्याचे बळ कोठे व कोणत्या दिशेने लावावयाचे हेही त्याच उत्तरात सापडते.