उसाचा दर नेमका कुठे ठरतो?

जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस परिषद भरते. गेली वीसहून अधिक वर्षं तिथून येणारा आकडा ऐकण्यासाठी शिरोळ, हातकणंगले, वाळवा, कागल इथले शेतकरी जमतात. यंदा पहिली उचल किती, मागच्या हंगामाचा फरक किती, हे व्यासपीठावरून जाहीर होतं आणि मगच उसाला कोयता लागू द्यायचा की नाही, हे शिवारात ठरतं. या परिषदेचा चेहरा असलेले राजू शेट्टी जिल्हा परिषदेत होते, विधानसभेत होते, लोकसभेतही होते. एकाच तालुक्यातून निघालेल्या माणसाने ही तिन्ही सभागृहं पाहिली, म्हणून त्यांच्या वाटचालीचं बोट धरून एक गोष्ट नीट समजून घेता येते: उसाच्या दरातलं काय कोणाच्या हातात असतं?

शेट्टींचं मूळ गाव शिरोळ. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत ते घडले. 2002 मध्ये ते कोल्हापूर जिल्हा परिषदेवर निवडून गेले. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते, पाणी योजना असतात. उसाच्या दराशी तिचा काडीचाही संबंध नाही. पण उमेदवार गावोगावी ओळखीचा होतो तो इथेच. ओळखीपलीकडे मात्र ही पायरी फार काही देत नाही, हे तुलनेने कळतं: दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग आधी सोंगनाम शहराचे महापौर होते, मग ग्योंगी प्रांताचे गव्हर्नर झाले. तिथे महापौराला थेट लोक निवडतात आणि कारभारही तोच हाकतो, त्यामुळे पुढच्या निवडणुकीत दाखवायला त्याच्याजवळ केलेलं काम असतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांमधून निवडला जातो आणि प्रशासनाची दोरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती असते. साध्या सदस्याला कामातून नाव कमवायला वाव थोडाच. म्हणून इथला नेता सभागृहापेक्षा आंदोलनातून वर येतो. शेट्टींचंही तसंच झालं.

2004 मध्ये शरद जोशी भाजपच्या जवळ गेले. त्या मतभेदातून शेट्टी बाहेर पडले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी शिरोळमधून अपक्ष लढून ते आमदार झाले. साखर कारखानदारीच्या बालेकिल्ल्यात, कारखान्याची सत्ता हाती नसताना मिळालेला हा विजय होता. कारखान्याचा सभासद, कारखान्याची सोसायटी, कारखान्याची बँक या साखळीतून मतं कशी फिरतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

पण उसाच्या दराचा खालचा टप्पा ठरतो तो विधानसभेत नव्हे, दिल्लीत. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीनंतर, केंद्र सरकार दर हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपली एफआरपी, जाहीर करतं. 2009 पूर्वी त्या जागी किमान वैधानिक दर होता. 2025-26 साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या तेवढ्या प्रमाणाला, क्विंटलमागे 355 रुपये ठरले, म्हणजे टनाला 3,550. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक दशांश टक्क्याला क्विंटलमागे 3 रुपये 46 पैसे वाढ ठरली. आपल्याकडचा उतारा चांगला. तो 12 टक्के धरला तर हिशेब टनाला 4,155 रुपयांच्या आसपास जातो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरेल ते खात्यावर जमा होतं. उतारा कारखाना मोजतो, वजन कारखान्याच्याच काट्यावर होतं, तोडणीचा खर्चही तोच लावतो. शेतकऱ्याचा संशय या तीन आकड्यांवर असतो, आणि तो वाजवी आहे.

दर केंद्राचा, पण वसुली राज्याची. ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यायचं, हे त्याच आदेशात आहे. कारखान्याने पैसे थकवले तर पुण्याचे साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी तो अमलात आणतात. एफआरपीच्या वर किती द्यायचं, यासाठी राज्याने 2013 मध्ये वेगळा कायदा केला. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला 75 टक्के वाटा उसाला, हे रंगराजन समितीचं सूत्र त्यात आलं. ते आपसूक आलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 2012 मध्ये, दराच्या आंदोलनात सांगली जिल्ह्यातल्या वसगडे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला होता.

शेट्टी तोवर खासदार झाले होते. मतदारसंघांच्या फेररचनेत जुना इचलकरंजी मतदारसंघ जाऊन हातकणंगले आला: शिरोळ, हातकणंगले, इचलकरंजी, शाहूवाडी आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर व शिराळा. 2009 मध्ये तिथे त्यांनी निवेदिता माने यांना हरवलं. प्रचारात ‘एक नोट, एक मत’ म्हणत लोकांनीच खर्चाला हातभार लावला. 2014 मध्ये भाजपप्रणीत आघाडीतून ते पुन्हा जिंकले. ज्या वळणावरून जोशींची साथ सोडली, तेच वळण दहा वर्षांनी स्वतः घेतलं, ही त्यांच्या राजकारणातली विसंगती आहे आणि ती नोंदवायलाच हवी. 2017 मध्ये त्यांनी ती आघाडी सोडली.

छोट्या पक्षाचा खासदार दिल्लीत काय करू शकतो? प्रश्न विचारू शकतो आणि खासगी विधेयक मांडू शकतो. शेट्टींनी ऑगस्ट 2018 मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाच्या हक्काची दोन विधेयकं लोकसभेत मांडली. खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याचं 1970 नंतर एकही उदाहरण नाही. पण त्यामुळे मागणी कायद्याच्या भाषेत नोंदली गेली.

2019 मध्ये निवेदिता मानेंचे चिरंजीव धैर्यशील माने यांनी शेट्टींचा पराभव केला. 2024 मध्ये शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर गेले. राज्यपालनियुक्त आमदारकीसाठी पुढे आलेलं त्यांचं नावही प्रत्यक्षात उतरलं नाही. तरीही त्यांच्या साऱ्या वाटचालीतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम याच पडत्या काळात झालं.

फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपीचे तुकडे करणारा निर्णय काढला. आधीची रीत अशी की मागच्या हंगामाचा उतारा धरून सगळी रक्कम 14 दिवसांत मिळायची. नव्या निर्णयाने पुणे आणि नाशिक विभागात 10 टक्के, इतरत्र साडेनऊ टक्के उतारा धरून पहिला हप्ता, आणि खऱ्या उताऱ्याचा फरक हंगाम संपल्यावर. कोल्हापूरसारख्या जास्त उताऱ्याच्या भागात टनामागचे कित्येक शे रुपये महिनोन् महिने बिनव्याजी कारखान्याकडे राहणार होते. शेट्टी उच्च न्यायालयात गेले. मुद्दा साधा होता: केंद्राच्या आदेशात एकरकमी देणं असताना राज्य ते बदलू शकतं का? मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ज्यांच्याकडे ना आमदारकी होती ना खासदारकी, त्यांनी हे मिळवलं.

जिल्हा परिषदेची पायरी मात्र मध्यंतरी निखळली होती. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, प्रशासक आला आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. नवा कार्यकर्ता तयार होण्याची जागाच त्या काळात बंद राहिली, हे शिवाराचं मोठं नुकसान आहे.

दर दिल्लीत ठरला आणि वसुली राज्याकडे असली, तरी मागणी आपणच करायची असते, म्हणून वाचकांना विनंती आहे. काट्याची पावती जपून ठेवा, तिच्यावरची तारीख पाहा आणि 14 दिवस मोजा. पंधराव्या दिवशी खात्यावर पैसे नसतील तर कोल्हापूरच्या प्रादेशिक साखर सहसंचालक कार्यालयात व्याजासह मागणीचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.