जीभ काढा बघू!

काढा, लाजू नका. जांभळी झाली आहे ना? मग "मी जांभळं खाल्लीच नाहीत" असं आईला सांगून काही उपयोग नाही.

मृग लागला की लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या रस्त्यांवर जांभळाच्या पाट्या दिसू लागतात. मूठभर जांभळं घ्यायची, वर मीठ भुरभुरायचं. पहिलं गोड लागतं, पण चार-पाच खाल्ली की जीभ टाळ्याला घासायला लागते. कारण जांभळातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात. लाळ बुळबुळीत असते ती याच प्रथिनांमुळे. तीच अडकली की तोंड कोरडं पडतं. तुरट लागतं म्हणतो ते हेच!

रंगाचं नाव मात्र भारदस्त आहे: अँथोसायनिन. जांभळाची सालं पाण्यात कुस्करा आणि ते पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळलं की पाणी लालसर होईल, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला की निळसर-हिरवट. (कपडे सांभाळा. डाग निघत नाहीत.)

याच रंगावर शास्त्रज्ञांचाही डोळा आहे, तो मधुमेहासाठी. आपण भाकरी खाल्ली की रक्तात साखर येते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ते पेशींचं दार ठोठावतं, "साखर आत घ्या!" काहींच्या पेशी मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. पोटावर चरबी फार साठली की शरीरात आतल्या आत बारीक दाह सुरू राहतो, त्यानं पेशी आणखी हट्टी होतात. याला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. पुढे त्यातून मधुमेह होऊ शकतो.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 32 लठ्ठ माणसांवर एक प्रयोग झाला. तो 2010 मध्ये छापून आला. जवळपास निम्म्यांना सहा आठवडे रोज दोनदा ब्लूबेरीची पूड घातलेलं पेय दिलं, बाकीच्यांना तसंच पेय, पण पुडीविना. पूडवाल्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागलं. दाहाच्या खुणा मात्र होत्या तशाच राहिल्या! ब्लूबेरीतली डेल्फिनिडिन आणि मॅल्विडिन ही रंगद्रव्यं आपल्या जांभळातही असतात. म्हणून जांभूळ लगेच औषध ठरतं का? छे! ब्राझीलमध्ये मधुमेहींना जांभळाच्या पानांचा चहा देऊन पाहिला, तर साखर काही उतरली नाही. तेव्हा आजोबांना शुगर असेल तर जांभळं खुशाल द्या, पण डॉक्टरांना विचारून, आणि गोळी बंद न करता.

आता आजीचं म्हणणं. जांभूळ खाल्लं की पोटात गेलेला केस विरघळतो म्हणे! केस असतो केरॅटिन नावाच्या चिवट प्रथिनाचा. जठरातलं आम्लसुद्धा त्या केसाला धक्का लावत नाही, तिथं जांभळाची काय कथा? तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका. वाटीभर रसात एक केस टाका, दोन दिवस थांबा, आणि तो आजीलाच शोधायला सांगा.