चोरटा वार आणि तारापूरचा तट

टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिकाखेळांत ‘चोरटा वार’ हा हमखास वादाचा नियम. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून त्यात चोर हे पात्र दाखल झाले. पाठीमागून बेसावध शत्रूवर घाव घातला की इजा दुप्पट, आणि पातळी वाढेल तशी ही पटही वाढणार. पण शत्रू बेसावध आहे की नाही हे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने ठरवायचे असल्याने अनेकदा अख्खी लढाई संपली तरी चोराला तशी संधी मिळायची नाही. २००० च्या आवृत्तीने पट काढून टाकली, जादा फासे दिले आणि साथीदारासह शत्रूला दोन बाजूंनी घेरले तरी हा वार लागू केला. मात्र भुते-सांगाड्यांवर आणि यंत्रपुतळ्यांवर तो चालेना, म्हणजे थडग्यातल्या मोहिमेत चोर जवळजवळ निकामी. पुढे ही बंधने गेली. २०१४ च्या नियमांत शत्रूपासून पाच फुटांत आपला कुणी सावध साथीदार उभा असला की पुरे, पण वार एका पाळीत एकदाच. या प्रवासातून मला एकच गोष्ट दिसते: तोल फाशांच्या संख्येत नसतो, तो अटीत असतो.

‘चोर फार भारी पडतो’ ही तक्रार हिशेबात टिकत नाही. पाचव्या पातळीचा चोर घ्या. आखूड तलवारीचा एक सहा बाजूंचा फासा, चोरट्या वाराचे तीन आणि चपळाईचे चार, मिळून सरासरी १८. त्याच पातळीचा योद्धा मोठी तलवार दोनदा चालवतो: प्रत्येक घावाचे दोन फासे आणि ताकदीचे चार, मिळून २२. दहापैकी सहा घाव लागतात असे धरले तर हे आकडे १०.८ आणि १३.२ होतात. शिवाय योद्ध्याचा एक घाव हुकला तरी दुसरा उरतो. चोराचा एकुलता एक घाव हुकला की ती पाळी वाया. मूठभर फासे एकदम टेबलावर पडताना दिसतात म्हणून तो जबरदस्त वाटतो, इतकेच.

खरा बिघाड होतो तो चोरटा वार आणि अकस्मात हल्ला यांची गल्लत केल्यावर. पहिले कौशल्य आहे, साथीदाराने शत्रूला गुंतवले की ते दर पाळीला वापरता यावे. दुसरे भांडवल आहे, आणि ते एकदाच खर्च होते. पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे अचानक छाप्यात पडले. तिथला किल्ला तेव्हा पुरता बांधूनही झाला नव्हता. त्यानंतर पोर्तुगीज सावध झाले. जानेवारी १७३९ मध्ये चिंचणीसमोरच्या खाडीच्या मुखाशी असलेला तारापूरचा किल्ला घेताना सुरुंगांनी तट फोडावा लागला, आणि त्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसईसाठी तर मे महिना उजाडला. धाडस तेच. पण सावध झालेल्या शत्रूपुढे पहिल्या छाप्याचा लाभ पुन्हा मिळाला नाही.

यावर कुणी म्हणेल की खेळ म्हणजे इतिहास नव्हे, आणि मजा वास्तवापेक्षा मोठी. मान्य. पण २०१४ च्या नियमांत बेसावध गटाची पहिली पाळीच जात असे. त्यामुळे बऱ्याच झुंजी शत्रूला उत्तर द्यायची संधी मिळण्याआधीच निकालात निघत, आणि मजा तिथेच मरत होती. २०२४ च्या आवृत्तीने ती शिक्षा सौम्य केली; आता बेसावध असलेला पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशात तोट्यात असतो, पण आपली पाळी गमावत नाही. ही सुधारणा मला योग्य वाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चोरट्या वाराची अट इतकी सोपी केली तर चोरटेपणा उरला कुठे? उत्तर असे की तो मोहिमेच्या आखणीत ठेवावा, वाट काढण्यात, टेहळणीत, भरती-ओहोटी पाहण्यात. तलवारीच्या प्रत्येक घावावर त्याची परीक्षा घेऊ नये.

पालघर-बोईसर-तारापूरच्या सूत्रधारांना म्हणूनच सांगणे आहे: तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम, अशेरी ही ठाणी घेऊन मराठीत मोहीम लिहा. चोराला दर पाळीला त्याचे फासे द्या, पण छापा एका किल्ल्यावरच यशस्वी होऊ द्या. दुसऱ्या किल्ल्यावर पहारे दुप्पट असू द्या.