घरचा जुना संगणक आणि त्यातील ठेव

आपल्याकडील कित्येक घरांत पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकलेला, एक जुना संगणक असतो. मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन तो कधीकाळी आणलेला असतो. मुलगा शिकूनसवरून परगावी नोकरीस लागला. संगणक मात्र घरीच राहिला. आज भंगारवाला त्याचे फारसे पैसे देणार नाही. परंतु त्याच्या पोटात काय काय साठले आहे ह्याची यादी केली, तर घरच्या कर्त्या माणसासही नवल वाटेल. थोरल्या लेकीच्या लग्नाची छायाचित्रे, जमिनीच्या उताऱ्यांच्या व गुणपत्रिकांच्या प्रती, वारलेल्या माणसांचे आवाज! यंत्र पैसे मोजून पुन्हा मिळते. ह्या वस्तू मिळत नाहीत.

हे आम्ही सांगतो ते स्वतः ठेच खाऊन. आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी २०१० साली घेतलेला असाच एक संगणक होता. मातोश्री हयात असताना बंधूंनी त्यांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि तो आवाज संगणकात साठवून ठेवला. कुटुंबातील सर्व छायाचित्रेही त्यातच होती. ‘ह्या सगळ्याची दुसरी प्रत असू द्यावी,’ असे आम्हीच एकदा सुचविले आणि मोठ्या जाणतेपणाने सारे काही ‘सी’ मधून ‘डी’ मध्ये उतरवून दिले. आमच्या शब्दावर विसंबून घरची मंडळी निश्चिंत झाली.

पुढे एका पावसाळ्यात संगणकातून टकटक असा आवाज येऊ लागला. कोणी विशेष लक्ष दिले नाही. चार दिवसांनी तो सुरूच होईना. ‘घाबरू नका, डी मध्ये प्रत आहे,’ असे आम्ही दुरुस्ती करणाऱ्या तरुणास सांगितले. त्याने पेटी उघडली आणि आतील एकुलती एक हार्ड डिस्क आमच्या हातावर ठेवली. ‘फादर, सी आणि डी ह्या एकाच घराच्या दोन खोल्या. घरच बसल्यावर खोली कशी उभी राहील?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. सुदैवाने आमच्या भगिनी नाताळात माहेरी आल्या असता छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन बडोद्यास गेल्या होत्या. तेवढी परत मिळाली. मातोश्रींचा आवाज मात्र गेला तो गेलाच. दोष यंत्राचा नव्हता. तो आमच्या अर्धवट जाणतेपणाचा होता.

हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारी चुंबकीय तबकडी. फिरणारी वस्तू आज ना उद्या झिजणारच. म्हणून दुसरी प्रत निराळ्या वस्तूवर हवी. त्यासाठी बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क घ्यावी. संगणक विंडोज एक्सपीच्या काळातील असेल तर ती १ टेराबाइटची पुरे, कारण २ टेराबाइटहून मोठी डिस्क त्या जुन्या व्यवस्थेस बहुधा नीट ओळखता येत नाही. पेन ड्राइव्ह स्वस्त खरा, परंतु तो हरवतो, बिघडतो. एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मग ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ आणि ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर एकेक करून उतरवावेत. उतरविताना ‘कॉपी’ ही आज्ञा द्यावी, ‘कट’ कधीही देऊ नये. कॉपीने वस्तू दोन्हीकडे राहते. कटने ती एका जागेवरून उचलली जाते, आणि मध्येच वीज गेली तर घोटाळा होतो. जुन्या यूएसबी जोडणीतून सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट जातात. म्हणजे १०० गिगाबाइट उतरावयास तास तरी लागणारच. अधिकही लागेल. घाई करू नये. एखादी मोठी चित्रफीत पेन ड्राइव्हवर जाईना, तर यंत्र बिघडले असे समजू नये. पेन ड्राइव्हची मांडणी ‘फॅट ३२’ पद्धतीची असल्यास तीत ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही, इतकेच. आणि टकटक ऐकू आली तर आधी सर्वांत मोलाची वस्तू उतरवून घ्यावी, बाकीची मागाहून.

काम झाल्यावर डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर वीज कडाडून संगणकाचे होईल तेच तिचेही होईल. शिवाय फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरही हात मारतात. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ ह्या विषाणूने अनेक देशांतील संगणक असेच अडविले होते. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने जुन्या संगणकांना हे भय अधिक. तिसरी एक प्रत परगावच्या लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. प्रत उघडून पाहावी. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ च्या कामाचा मोठा भाग एका चुकीच्या आज्ञेने पुसला गेला. राखीव प्रती काढू गेले, तो त्याच सदोष निघाल्या. त्या कोणी वेळीच तपासल्या नव्हत्या. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन ह्या बाईंच्या घरच्या संगणकात एक प्रत होती, तिने चित्रपट तारला. एवढ्या मोठ्या संस्थेसही शेवटी घरचाच संगणक उपयोगी पडला!

शेतकरी बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळत नाही. ते निराळे ठेवतो आणि मधूनमधून कीड लागली का, हेही पाहतो. तेवढीच दक्षता येथे हवी. येत्या सुट्टीत घरातील शाळकरी मुलास जवळ बसवावे, कोपऱ्यातील कापड दूर सारावे आणि हे काम उरकून घ्यावे. मग त्या नव्या प्रतीतून एखादा जुना आवाज लावून सर्वांनी मिळून ऐकावा. आमच्या घरी तो आता ऐकू येणार नाही. तुमच्या घरी यावा, एवढ्यासाठीच हे लिहिले.