रमतगमत चालण्याचा फंडा

ऑफिसात माझं टोपणनाव ‘एक्स्प्रेस’. लिफ्टपासून डेस्कपर्यंत, डेस्कपासून कँटीनपर्यंत मी चालत नाही, सुटतो! अशा माणसाच्या वाट्याला ‘सॉन्टर’ हा शब्द यावा, म्हणजे गंमतच.

झालं असं, की एका गृहप्रकल्पाच्या इंग्रजी ब्रोशरची कॉपी तपासत होतो. ‘बागेत सॉन्टर करा’ असं काहीतरी होतं. अर्थ साधा... घाई न करता रमतगमत चालणं. पण हा शब्द आला कुठून?

शोधलं, तर झकास गोष्ट हाती लागली. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो रोज किमान चार तास कॉन्कॉर्डच्या रानात भटकायचा. त्याचा ‘वॉकिंग’ हा निबंध जून १८६२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात छापून आला. त्यात तो सांगतो, की मध्ययुगात काही रिकामटेकडे लोक ‘सँत तेर’ला, म्हणजे फ्रेंचमध्ये पवित्र भूमीला निघालोय असं सांगत भिक्षा मागत फिरायचे. त्यावरून आलं सॉन्टर! किंवा मग ‘सां तेर’वरून, म्हणजे ज्याला जमीन नाही, घर नाही असा. थोरोला पहिली व्युत्पत्ती जास्त आवडली होती. हीच गोष्ट सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या डिक्शनरीतही आहे.

मी लगेच लंच टेबलवर ही गोष्ट सांगून भाव खाल्ला. संध्याकाळी सहज आजच्या डिक्शनऱ्या उघडल्या आणि विकेट गेली! त्या ही व्युत्पत्ती मानतच नाहीत. मूळ अनिश्चित, असं सरळ लिहितात. मात्र त्यांत एक धागा मिळाला. मध्ययुगीन इंग्रजीत याच्याशी मिळताजुळता एक शब्द होता, ‘सान्तरेन’. अर्थ, विचारात हरवून जाणं. निवांत चालण्याचा अर्थ आला १७व्या शतकात. म्हणजे बहुधा आधी मन भटकलं, पाय नंतर निघाले!

हे वाचलं आणि बाबा आठवले.

बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. जेवणानंतर मी सोबत जातो. सोबत म्हणजे काय, तर दहा पावलं पुढे! मग थांबायचं, घड्याळात पावलं मोजायची आणि म्हणायचं, ‘‘बाबा, चला ना पटापट.’’ मागच्या आठवड्यात ते म्हणाले होते, ‘‘अरे, तू हो पुढे. मी येतो सावकाश.’’ आणि मी खरंच पुढे गेलो होतो.

त्या रात्री घड्याळ घरी ठेवलं. त्यांच्या चालीनं चाललो. सुरुवातीला जाम अवघड गेलं, पाय सारखे पुढे पळायचे. सोसायटीच्या दुसऱ्या फेरीला बाबा अचानक म्हणाले, ‘‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला झोपच लागली नव्हती रे. फार भीती वाटली होती.’’

मी त्या रात्री त्यांच्याच खोलीत होतो. लॅपटॉप उघडून मेल टाकत बसलो होतो.

काय बोलावं ते सुचेना. नुसता त्यांच्या बाजूनं चालत राहिलो. तिसरी फेरी कधी संपली, कळलंच नाही.

तेव्हा दोस्तांनो, व्युत्पत्ती खरी की खोटी, ते भाषातज्ज्ञ बघून घेतील. तुम्ही आज जेवणानंतर घरातल्या कुणाबरोबर तरी खाली उतरा. फक्त एक करा... दहा पावलं पुढे जाऊ नका.